पात्राचा रोजचा सहवास: व्यक्तिरेखाप्रधान कादंबरी लिहिताना

कादंबरी लिहायला घेणाऱ्यांच्या वहीत पहिल्या पानावर बहुधा एक यादी असते. पात्राचे वय, बांधा, शिक्षण, स्वभाव, आवडता रंग, नावडता पदार्थ. माझ्याही वहीत होती. पहिल्या कादंबरीच्या नायिकेविषयी मी अशी तीसेक पाने भरली होती, आणि पहिल्याच प्रसंगात ती दार उघडून घरात आल्यावर हातातली पिशवी तिने कुठे ठेवावी हे मला सुचेना. तिचा आवडता रंग मला ठाऊक होता. पण दमून घरी आल्यावर ती आधी दिवा लावते की अंधारातच बसून राहते, हे ठाऊक नव्हते. पुढे ती कादंबरी तिथेच राहिली, ते योग्यच झाले.

यादीने माहिती मिळते, पण ओळख होत नाही. ओळख सहवासाने होते, आणि महिन्यातून एकदा भेटणाऱ्या माणसाशी जितकी ओळख होऊ शकते तितकीच महिन्यातून एकदा लिहायला बसणाऱ्या लेखकाची त्याच्या पात्राशी होते. म्हणूनच पात्र कसे उभे करावे आणि कादंबरीकाराने लिहिण्याची सवय कशी लावून घ्यावी, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत असे मला वाटत नाही.

गुण नकोत, कृत्ये हवीत

पूर्वतयारीची टिपणे करूच नयेत असे मात्र नाही. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हविषयी अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्सने लिहून ठेवले आहे की त्याच्या मनात कथेची सुरुवात घटनेपासून होत नसे; आधी एखादी व्यक्ती डोळ्यांसमोर येऊन उभी राही, आणि मग तो तिचा जणू पोलिसी दफ्तरात असावा तसा वृत्तान्त लिहून काढी. कथा सुरू होईपर्यंत त्या व्यक्तीने काय काय केले आणि तिच्या वाट्याला काय काय आले, याची ती नोंद असे. यादी आणि वृत्तान्त यांतला फरक इथेच आहे. ‘स्वाभिमानी’ हा शब्द यादीत शोभतो, पण त्यातून पुढचा प्रसंग निघत नाही. ‘बारा वर्षांपूर्वी घेतलेले पैसे त्याने परत केले नाहीत आणि तेव्हापासून तो वडिलांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलला नाही’ हे वाक्य मात्र लिहिताक्षणीच पुढचे काहीतरी मागू लागते.

तेव्हा पात्राविषयी टिपण करताना विशेषणे लिहायची नाहीत, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. त्याऐवजी तीन गोष्टी शोधाव्यात: त्याला काय हवे आहे, आपल्याला काय हवे आहे असे तो चारचौघांत सांगतो, आणि कोणती गोष्ट तो स्वतःशीही कबूल करत नाही. पहिल्या दोन गोष्टींत अंतर असले की पात्र बोलू लागते, कारण माणसाचे बरेचसे बोलणे हे अंतर झाकण्यासाठीच असते. तिसरी गोष्ट बहुधा लिहितालिहिता सापडते. ती आधीच सापडली असेल तर तिच्यावर फार विसंबू नये.

एक वही आणि दोन भावंडे

हे प्रत्यक्ष करून पाहू. दिनकर आणि त्याची धाकटी बहीण शालन वडिलांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने त्यांची खोली आवरत आहेत. कपाटात हिशेबाची वही सापडते. कोणाला किती उसने दिले आणि ते कधी परत आले, हे वडील तीत लिहून ठेवत. दिनकरने छापखाना काढायला त्यांच्याकडून मोठी रक्कम घेतली होती. छापखाना बुडाला, रक्कम परत गेली नाही, आणि शालनला यातले काही माहीत नाही. वहीत दिनकरच्या नावाचे पान आहे. त्यावर आकडा आहे, आणि त्याखाली वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे: रक्कम पोचली.

घटना एवढीच. आता दिनकर काय करतो, यावर तो कोण आहे हे ठरणार. तो पान शालनला दाखवून ‘बघ, नाना कसे होते’ म्हणाला, तर तो वडिलांची थोरवी सांगत सांगत स्वतःला मोकळे करून घेणारा माणूस आहे, आणि त्याचे मोकळे होणे शालनला महागात पडेल. त्याने पान फाडले तर गोष्ट वेगळीच होते. नोंद तर त्याच्या बाजूची आहे, मग फाडायची कशासाठी? कारण काही माणसांना कर्जापेक्षा माफी जड जाते. मी अशा चार-पाच शक्यता लिहून पाहतो. लिहून पाहतो हे महत्त्वाचे. नुसता विचार केला तर सगळ्याच शक्यता सारख्याच चांगल्या वाटतात, वाक्य लिहिताना मात्र एखादी खोटी आहे हे लगेच कळते. शेवटी माझ्या हाती लागले ते असे:

दिनकरने पान पुन्हा वाचले. रक्कम पोचली. खाली तारीखही होती. त्या तारखेला आपण कुठे होतो? इथे तर नक्कीच नव्हतो.

“काय आहे रे दादा त्यात?” स्टुलावर उभ्या असलेल्या शालनने मागे न पाहता विचारले.

“काही नाही. नानांचे जुने हिशेब.”

त्याने वही मिटून टाकायच्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवली, तिच्यावर आणखी चार कागद ठेवले, आणि गठ्ठा बांधायला सुतळी शोधू लागला.

यात ‘त्याला अपराधी वाटले’ असे वाक्य नाही, आणि ते घालण्याचा मोह टाळावा. वहीवर ठेवलेले चार कागद ते काम करतात. दिनकर वही नष्ट करत नाही, जपूनही ठेवत नाही; ती आपोआप नाहीशी व्हावी अशी सोय तो करतो. म्हणजे हा माणूस निर्णय घेत नाही, निर्णय घडून यावा अशी व्यवस्था लावतो. हे कळले तेव्हा त्याचा छापखाना का बुडाला असेल तेही मला कळले, आणि पुढच्या दोन प्रकरणांत तो काय करेल याचाही अंदाज आला. व्यक्तिरेखेतून कथानक निघते असे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच आहे. लेखकाने घटना आणून आदळायच्या नसतात. पात्राने एकदा काहीतरी केले की त्याचे परिणाम निस्तरायला त्यालाच लावायचे असते.

‘त्या तारखेला आपण कुठे होतो?’ हे वाक्यही जरा थांबून पाहण्यासारखे आहे. निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण हे वाक्य निवेदकाचे नाही, दिनकरचे आहे. आणि ‘असे त्याच्या मनात आले’ ही पुस्ती जोडलेली नाही. निवेदकाच्या वाक्यात पात्राचा आवाज असा मिसळून टाकण्याची रीत फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने एकोणिसाव्या शतकात फार नेमकेपणाने वापरली. मराठीत तर त्यासाठी ‘आपण’ हा शब्द आयताच हाताशी आहे. ‘तो कुठे होता’ असे लिहिले की आपण दिनकरकडे बाहेरून पाहतो. ‘आपण कुठे होतो’ लिहिले की त्याच्या डोक्यात असतो. एका प्रसंगात अशा प्रकारे एकाच्याच मनात शिरावे. दोघांच्याही मनांत आळीपाळीने डोकावले की वाचकाला सगळे कळते आणि त्यामुळे कशाचीच उत्सुकता उरत नाही.

संवाद

संवाद खरा वाटावा म्हणून पात्रांच्या तोंडी बोलीभाषेतले चार शब्द पेरणे हा उपाय फारसा कामाचा नाही. नातेसंबंध दाखवणारी साधने मराठीच्या व्याकरणातच आहेत आणि ती आपण रोज न कळत वापरतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद घ्या. खोली आवरून झाल्यावर शालन विचारते, “आपल्या घराचं काय करायचं रे?” आणि दिनकर उत्तर देतो, “आमचं अजून काही ठरलं नाही.” भांडण झालेले नाही, आवाज चढलेला नाही, पण तिच्या ‘आपल्या’ला त्याने ‘आमचं’ने उत्तर दिले आणि बहिणीला घराबाहेर काढले. वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. मराठी वाचकाच्या कानाला ते टोचतेच. तसेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चे. दोन पात्रांमध्ये ‘तुम्ही’चे ‘तू’ नेमके कोणत्या पानावर झाले, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे, आणि ते परत ‘तुम्ही’वर गेले तर तो कादंबरीतला एक मोठा प्रसंग मानला पाहिजे.

विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी पात्रे संशयास्पद असतात. लिहिलेला संवाद वाचताना बोलणाऱ्यांची नावे झाकून पाहावे; कोण बोलते आहे ते ओळखू आले नाही तर दोघांच्याही तोंडून लेखकच बोलतो आहे.

दुय्यम पात्रे

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टरने 1927 साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार केले. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येते. गोलाकार पात्राची त्याने दिलेली कसोटी मला आजही उपयोगी वाटते: ते पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकते का? चकित केलेच नाही तर ते सपाट. केले पण पटले नाही, तर गोलाकार असल्याचे सोंग घेतलेले सपाटच. सपाट पात्रे वाईट असतात असे मात्र फॉर्स्टरने म्हटलेले नाही, आणि ते खरेही नाही. शेजारी, कारकून, दूरचे नातलग अशा सगळ्यांना अंतर्मन देत बसले तर कादंबरी पुढे सरकणार नाही. त्यांना एखादी लकब पुरते. चूक होते ती निराळीच: मुख्य पात्राच्या अगदी जवळच्या माणसाला लेखक सपाट ठेवतो, कारण तो फक्त मुख्य पात्राला प्रश्न विचारण्यासाठी तिथे उभा असतो. याकडे पुन्हा यावे लागेल.

घड्याळ लावून लिहिणारे

आता सवयींविषयी. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत होता. नोकरीवर जाण्याआधी, पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना 250 शब्द अशा हिशेबाने लिही. उठवायला उशीर होऊ नये म्हणून नोकराला वर्षाला 5 पौंड जादा देई. रोज किती पाने झाली याची तो नोंद ठेवी, आणि पुरेशी पाने न झालेला आठवडा त्या नोंदीत डोळ्यांना खुपत राही. हे सगळे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर 1883 साली प्रसिद्ध झाले. अशा शिस्तीने त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या.

घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच पुस्तकातली दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. कादंबरीकाराने आपल्या पात्रांसोबत राहिले पाहिजे, झोपताना आणि जाग येताना ती त्याच्याजवळ असली पाहिजेत, असे ट्रोलप तिथे आग्रहाने म्हणतो. आणि रोजच्या लेखनाच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो नवे काही लिहीत नसे. आदल्या दिवशीचे लेखन वाचत असे, वाक्यांचा नाद कानाने तपासत असे. माझ्या मते ही अर्ध्या तासाची सवय 250 शब्दांच्या हिशेबापेक्षा मोलाची आहे. काल हा माणूस कोणत्या सुरात बोलत होता, हे आज ऐकल्याशिवाय त्याला पुढे बोलते करता येत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीचे नाव घेतले जाते. प्रकाशकाशी केलेल्या एका जाचक करारामुळे त्याने 1866 साली एक अख्खी कादंबरी 26 दिवसांत लघुलेखिकेला सांगून लिहून घेतली. मुदत चुकली असती तर त्याच्या लेखनाचे हक्क नऊ वर्षांसाठी हातचे गेले असते. तेव्हा लिहायची तर अशी, झपाटून, रोजची शिस्त कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण त्या कादंबरीतल्या जुगारी तरुणाची कल्पना त्याने 1863 सालच्या एका पत्रातच मांडली होती, आणि मधल्या काळात जुगाराच्या मेजावर त्याचे स्वतःचे जाणेही चालू होते. 26 दिवस लागले ते सांगायला. ओळख तीन वर्षांची होती.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? पहाटच हवी असे नाही, पण वेळ ठरलेली हवी, आणि ती आपण खरोखर पाळू शकू एवढी लहान हवी. नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्याला रोजचा पाऊण तास पुरतो. त्यातली पहिली दहा मिनिटे मागचे वाचण्यात घालवावीत. ती वाया जात नाहीत. अमेरिकन लेखक हेमिंग्वे सांगत असे की पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसापुरते थांबावे. मी वाक्यही अर्धवट सोडून उठतो. दुसऱ्या दिवशी बसल्यावर कोऱ्या पानाची भीती वाटत नाही, कारण निदान एक वाक्य पुरे करायचे असते.

लिहिणे जमणारच नाही अशा दिवशी वहीत पात्राविषयी एक ओळ लिहावी: आज मी जिथे होतो तिथे दिनकर असता तर त्याने काय केले असते? रांगेत कोणी मध्ये घुसले तर तो बोलला असता का? यातल्या बहुतेक ओळी कादंबरीत जात नाहीत, जाऊही नयेत. पण अशा शंभर ओळी झाल्या की दार उघडून आत आल्यावर पिशवी कुठे ठेवायची, हे विचारावे लागत नाही.

ओळखीच्या माणसांना उचलून कादंबरीत घालावे का, हा प्रश्न नवे लेखक हमखास विचारतात. लकब एकाची, प्रसंग दुसऱ्याचा आणि भीती स्वतःची, असे मिश्रण केले तर कोणी दुखावत नाही आणि पात्रही मोकळे राहते. पूर्ण माणूस जसाच्या तसा उचलला की लेखक सत्याला बांधला जातो. ‘पण तो तर असे वागला नव्हता’ ही अडचण पावलोपावली येते.

वाचकांचे ऐकावे का?

इथे ट्रोलपचाच आणखी एक किस्सा सांगण्याजोगा आहे. एकदा क्लबात बसलेला असताना दोन धर्मगुरू त्याच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना त्याला ऐकू आले. तीच तीच पात्रे पुन्हा येतात, विशेषतः बिशपची ती खाष्ट बायको मिसेस प्राउडी, अशी त्यांची तक्रार होती. ट्रोलप उठून त्यांच्यापाशी गेला, आपण कोण ते सांगितले, आणि घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो असे आश्वासन दिले. ते त्याने पाळलेही. पुढे मात्र त्याला त्याची हळहळ वाटली. तिच्या भुताच्या सहवासात आपण अजूनही बराच वेळ असतो, असे त्याने लिहिले. लिहीत असताना कच्चा खर्डा फार लोकांना वाचायला देऊ नये, असे माझे मत आहे ते अशाच अनुभवांवरून झाले. कथानकाविषयी वाचकांचे ऐकावे, कंटाळा कुठे आला हे तर जरूर विचारावे. पात्र ‘आवडले नाही’ या अभिप्रायावर मात्र काहीही बदलू नये.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा पुरा झाल्यावर महिनाभर तो नजरेआड ठेवावा. मग मोठ्याने वाचावा. फ्लोबेर आपली वाक्ये अक्षरशः ओरडून वाचत असे. एवढे करायची गरज नाही, पण जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा लेखकाला पात्राविषयी नीट माहीत नसते आणि तो शब्दांनी वेळ मारून नेत असतो. वाचताना स्वभाव सांगणारी विशेषणे अधोरेखित करावीत. त्यांतली निम्मी नुसती खोडली तरी चालते, कारण शेजारच्या वाक्यात तीच गोष्ट कृतीतून आलेली असते.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला आहे. एकेका पात्राचे सगळे प्रसंग कादंबरीतून वेगळे काढून सलग वाचायचे, मधले काहीही न वाचता. मुख्य पात्राचे प्रसंग वाचताना तो कुठे कथानकाची चाकरी करतो आहे ते दिसते: दार नेमके उघडे राहिले, पत्र नेमके हाती लागले, आणि एरवी धीट असलेला हा माणूस नेमका तेव्हाच गप्प बसला. अशा ठिकाणी घटना बदलावी, माणूस बदलू नये.

दुय्यम पात्रांचे प्रसंग असे वाचताना मन अधिक खट्टू होते. दिनकर झाल्यावर मी शालनचे प्रसंग सलग वाचले, आणि ती पहिल्या तीन प्रकरणांत केवळ प्रश्न विचारते असे दिसले. खोली आवरण्याच्या प्रसंगात ती स्टुलावर उभी होती याचे कारण एवढेच की दिनकरला वही एकट्याने वाचता यावी. तिला काय हवे आहे, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. मग तिच्याविषयी वहीत ओळी लिहायला सुरुवात केली. आठव्या की नवव्या दिवशी एक ओळ अशी आली की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचे कपाट तीच लावत असे.

म्हणजे ती वही तिने आधीच वाचली होती. ‘काय आहे रे दादा त्यात?’ या प्रश्नातला एक शब्दही मला बदलावा लागला नाही, तिचे मागे न पाहणेही तसेच राहिले. फक्त प्रसंगाच्या शेवटी एक ओळ वाढवली: दिनकर सुतळी शोधतो आहे, आणि शालन स्टुलावरून उतरून ती त्याच्या हातात आणून देते.